घराची बाह्यस्वच्छता : तंजावरच्या पागोळ्यांचा धडा

महाराष्ट्रात मृग नक्षत्र जवळ आले की घरमालकाची नजर आपोआप छपराकडे वळते. कोकणात आगोटीच्या दिवसांत तांदूळ, सरपण आणि सुक्या मासळीची बेगमी चालू असतानाच कौले चाळणारा गडी शिडी खांद्यावर घेऊन दारी येत असे. देशावर धाब्याच्या घरांवर मातीचा नवा थर चढे. घर शाकारणे हे पंचांगात न छापलेले, तरीही कुणी न चुकवणारे असे एक वार्षिक व्रतच होते. पाऊस पडण्यापूर्वी घर बाहेरून स्वच्छ आणि धड करून घ्यायचे, ही शिस्त मराठी माणसाच्या हाडीमासी अशी मुरलेली आहे.

मात्र हीच मराठी कुटुंबे जेव्हा सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कावेरीच्या खोऱ्यात उतरली, तेव्हा त्यांना हे व्रत वेगळ्या महिन्यांत पाळावे लागले. तंजावरात जूनमध्ये पाणी येते ते आभाळातून नव्हे, तर कालव्यांतून. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जून रोजी उघडतात आणि त्रिभुज प्रदेशातील भातशेतीला पाणी मिळू लागते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अधूनमधून सायंकाळी वळवासारख्या सरी येतात, इतकेच. खरा पाऊस येतो तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. ऐप्पसी आणि कार्तिगै हे दोन तमिळ महिने त्याचे. दिवसच्या दिवस न थांबता कोसळणाऱ्या या पावसाला तमिळ भाषेत ‘अडै मळै’ असा खास शब्द आहे. महाराष्ट्रात दिवाळीला अंगणात निर्धास्तपणे कंदील लावता येतो. तंजावरात दिवाळीच्या पहाटे अनेकदा छपरावरून पागोळ्या गळत असतात.

अशा या गावाच्या निमित्ताने घराच्या बाह्यस्वच्छतेचा, म्हणजे खिडक्या, पन्हळी, छप्पर आणि बाहेरील भिंती यांच्या निगेचा विचार करणे उद्बोधक ठरेल. हा विषय दिसायला किरकोळ आहे. परंतु त्यात घराचे आयुष्य, गावाचे पाणी आणि शिडीवर चढणाऱ्या माणसाचा जीव, अशा तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत.

वळचणीचे पाणी आढ्याला

तंजावरच्या जुन्या पेठांतील पारंपरिक घर पाहिले तर मराठी माणसाला ते परके वाटत नाही. रस्त्यालगत उंच ओटा, ज्याला तेथे ‘तिण्णै’ म्हणतात, लाकडी खांब, जाड दरवाजा आणि आत शिरताच उघड्या आभाळाचा चौक. हा चौक म्हणजे ‘मुट्रम्’. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यातील चौकाचाच तो दाक्षिणात्य भाऊ. चारही बाजूंची कौलारू छपरे चौकाकडे उतरती असतात आणि त्यांचे पाणी चौकात येऊन मोरीवाटे बाहेर जाते. जेथे दोन उतार एकत्र येतात, त्या कोपऱ्यात पाण्याला वाट देण्यासाठी पत्र्याची पन्हळ बसवलेली असते. चारी छपरांचे पाणी या चार कोपऱ्यांत गोळा होत असल्यामुळे घराची सर्वांत कमकुवत जागाही तीच असते.

पन्हळ तुंबते कशाने? कडुनिंबाची पाने, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे, पक्ष्यांची घरटी, फुटक्या कौलांच्या कपच्या आणि वर्षभराची धूळ. पहिल्या सरीत ही धूळ भिजते, पानांना चिकटते आणि तिचा चिखल होतो. त्यातच पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी रुजते. पुढे त्याची मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरतात. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले, की जे रोप बोटांनी उपटता आले असते त्यासाठी गवंडी बोलवावा लागतो.

‘वळचणीचे पाणी आढ्याला’ ही आपली म्हण अघटित घडल्याचे सांगण्यासाठी वापरली जाते. तुंबलेली पन्हळ मात्र ही म्हण थोड्याफार प्रमाणात खरी करून दाखवते. पुढे जाण्यास वाट नसलेले पाणी पन्हळीत साचते, काठाच्या वर येते आणि कौलांच्या खालच्या अंगाने मागे सरकते. तेथे त्याची गाठ वाशांच्या टोकांशी आणि भिंतीवरील लाकडी पाटाशी पडते. लाकूड एकदा भिजून वाळले तर फारसे बिघडत नाही. ते सतत ओले राहिले, की बुरशी आणि पाठोपाठ वाळवी येते. घरमालकाला हे सारे दिसते तेव्हा छताच्या कोपऱ्यात एक पिवळसर डाग उमटलेला असतो. तो चुन्याने झाकला जातो, आणि आत वासा कुजतच राहतो.

सपाट गच्चीची तऱ्हा वेगळी नाही. तमिळनाडूतील जुन्या इमारतींत ‘मद्रास टेरेस’ ही पद्धत सर्रास आढळते. सागवानी तुळयांवर विटा उभ्या कडेने तिरप्या रांगांत चुन्यात बसवायच्या, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुनामिश्रित थर धोपटून घट्ट करायचा आणि वर सपाट फरशा जडवायच्या, अशी ही रचना. नीट राखली तर ती शंभर वर्षेही टिकते. पण गच्चीच्या कोपऱ्यातील पाणी जाण्याचे भोक एका प्लास्टिकच्या पिशवीने बुजले, तर गच्चीचे तळे होते आणि ते पाणी चुन्यातून तुळईपर्यंत झिरपते. एवढ्या मोठ्या रचनेचे भवितव्य मूठभर आकाराच्या एका भोकावर अवलंबून असते.

जुनी घरे पाडली जातात त्यामागे वाटण्या, जागेचे वाढलेले भाव, नव्या सोयींची गरज अशी अनेक कारणे असतात. परंतु ‘आता दुरुस्ती परवडत नाही’ हे त्यांतील वारंवार ऐकू येणारे कारण. ती दुरुस्ती न परवडणारी होण्याआधी अनेक वर्षे केवळ पन्हळ साफ न केल्याने साचत आलेली असते, हे कुणी सांगत नाही.

छपरापासून तलावापर्यंत

तंजावरात पन्हळीचा संबंध केवळ घराशी नाही, तो गावाशी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७० च्या दशकात येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ते घराणे गादीवर राहिले. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालयामुळे विद्वानांना परिचित आहेत. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. त्या मर्यादित क्षेत्रात या राजाने जे केले त्यात ग्रंथ, वैद्यक आणि शिक्षण यांच्याबरोबर तलाव, विहिरी आणि शहराच्या भूमिगत सांडपाणी व्यवस्थेचाही समावेश होतो. राज्य गेल्यावर राजाने गावाच्या पाण्याकडे लक्ष द्यावे, ही घटना मराठी वाचकाला विचार करायला लावणारी आहे.

पावसाचे पाणी साठवून गावात फिरवण्याची परंपरा तेथे त्याहूनही जुनी होती. नायक राजांच्या काळातील शेवप्पा नायक तलाव, बृहदीश्वर मंदिरालगतचा शिवगंगा तलाव आणि तेथून भूमिगत वाटांनी गावातील कुंडांना व विहिरींना मिळणारे पाणी, अशी ही साखळी होती. कालांतराने नळाचे पाणी आले आणि या वाटा मातीने भरल्या. स्मार्ट सिटी योजनेखाली शहरातील अय्यनकुळम् या जुन्या कुंडाचा जीर्णोद्धार करण्यात आला, तेव्हा शिवगंगेकडून येणारी जुनी वाटही पुन्हा मोकळी करण्यात आली. बांधलेली यंत्रणा शाबूत होती, अडला होता तो केवळ गाळ. घरच्या पन्हळीची कथा आणि या वाटांची कथा मुळात एकच आहे.

आजच्या तंजावरकराला ही साखळी कायद्यानेही जोडलेली आहे. तमिळनाडू सरकारने २००३ मध्ये राज्यातील सर्व इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची व्यवस्था सक्तीची केली. त्या वर्षी घरोघरी गच्चीवरून खाली नळ आले, अंगणात खडी, वाळू आणि कोळशाचे खड्डे तयार झाले. कायद्याचे पालन झाले. पण खड्डा खणणे हे एकदाचे काम आहे आणि गच्ची झाडणे हे दरवर्षीचे. या दुसऱ्या कामासाठी कायदा कुणाच्या दारी येऊन उभा राहत नाही.

या कामाचे मोल साध्या हिशेबाने समजते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. एक हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. दहा मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत त्यावर ९३० लिटर पाणी पडते. तंजावरात वर्षाकाठी साधारण एक हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे वर्षभरात त्या एका छपरावर नव्वद हजार लिटरांच्या घरात पाणी उतरते. बाष्पीभवन, गळती आणि पहिल्या सरींचे सोडून द्यायचे गढूळ पाणी वजा केले तरी उरणारा साठा नगण्य नाही. पन्हळ स्वच्छ असेल तर हे पाणी विहिरीत किंवा जमिनीत जाते, तुंबलेली असेल तर भिंतीत. पाणी तेच आणि छप्परही तेच, तरी एका घरी त्याची जमा होते आणि दुसऱ्या घरी खर्च.

आरोग्याची बाजूही येथेच पाहिली पाहिजे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण एक आठवडा ते दहा दिवस पुरतात. ही अंडी कोरड्या जागी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. अंगणातील टायर आणि कुंड्या सर्वांना दिसतात, पन्हळीतील डबके मात्र जमिनीवरून कुणालाच दिसत नाही.

किती घासावे, कोठे थांबावे

स्वच्छतेचा अभाव जसा घातक, तसा तिचा अतिरेकही. याचा धडा घेण्यासाठी तंजावरच्या मोठ्या मंदिराइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. राजराज चोळाने उभारलेले आणि १०१० मध्ये पूर्ण झालेले हे बृहदीश्वर मंदिर १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठी भाषेतील हा अत्यंत दीर्घ शिलालेख महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तमिळ देशातील एका शिवमंदिराच्या दगडावर आहे. दोन शतकांहून अधिक काळ ऊन, पाऊस आणि भाविकांचे हात झेलत ही अक्षरे उभी आहेत.

दक्षिणेतील मंदिरांत ठरावीक वर्षांनी कुंभाभिषेक होतो. त्यापूर्वी ‘तिरुप्पणि’ म्हणजे डागडुजी, साफसफाई आणि रंगकाम करण्याची प्रथा आहे. तंजावरच्या मंदिराचा कुंभाभिषेक १९९७ नंतर ५ फेब्रुवारी २०२० रोजी पार पडला. देवळाच्या बाह्यस्वच्छतेला धर्मकृत्याचे स्थान देणारी ही परंपरा निश्चितच दूरदृष्टीची आहे. मात्र तमिळनाडूतील अनेक मंदिरांत मध्यंतरीच्या काळात दगड लवकर स्वच्छ व्हावा म्हणून यंत्राने वाळूचा मारा करण्याची पद्धत अवलंबली गेली आणि तिच्यावर इतिहासकार व जतनतज्ज्ञांनी कठोर टीका केली. वाळू मळाबरोबर दगडाची वरची त्वचाही काढून नेते, आणि कोरीव अक्षरे असतात ती त्या त्वचेतच. शतकांचा पाऊस जे पुसू शकला नाही, ते एका दुपारच्या कामात पुसले जाऊ शकते.

मंदिराच्या गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या मार्गिकेत याच्या नेमके उलट उदाहरण आहे. तेथे नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळकालीन भित्तिचित्रे असल्याचे १९३१ मध्ये उघडकीस आले. वरचा थर खरवडून टाकला असता तर खालची चित्रे लवकर दिसली असती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी मात्र वरचा थर अलगद सोडवून वेगळ्या पाठबळावर बसवला आणि दोन्ही चित्रे राखली. काय काढायचे यापेक्षा काय ठेवायचे, हे आधी ठरवल्यामुळेच ते शक्य झाले.

घरगुती पातळीवर हाच नियम लागू होतो. आज उच्चदाबाच्या पाण्याची यंत्रे भाड्याने सहज मिळतात. सिमेंटच्या फरशीवरील शेवाळ त्यांनी क्षणात निघते. परंतु चुन्याचा गिलावा, जुनी वीट, हाताने केलेली कौले आणि लाकडी झडपा यांवर तोच दाब धरला, तर गिलावा सुटतो, विटांचे सांधे उघडे पडतात आणि पाणी भिंतीच्या पोटात जाते. अशा ठिकाणी मऊ कुंचला, साधे पाणी आणि सवड हीच योग्य साधने होत. चुन्यावर किंवा संगमरवरावर आम्ल वापरणे तर कटाक्षाने टाळावे, कारण दोन्हींचे मूळ घटक आम्लात विरघळतात.

खिडकीच्या काचेची गोष्ट थोडी निराळी. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. त्या पाण्याने काच धुऊन ती उन्हात तशीच वाळू दिली, की पांढरे ठिपके उमटतात आणि पुढे काच कायमची धुरकट दिसू लागते. म्हणून काच सावलीच्या वेळी धुवावी, रबरी पट्टीने पाणी वरून खाली ओढून घ्यावे आणि कडा कोरड्या फडक्याने टिपाव्यात. जुने ठिपके पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात, मात्र ते खालच्या संगमरवरी पट्टीवर ओघळू देऊ नये. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या खाचेत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती बुजली, की पावसाचे पाणी थेट खोलीत येते. खिडकी गळते अशी तक्रार असली, तर सुतार बोलवण्यापूर्वी ही छिद्रे टाचणीने मोकळी करून पाहावीत.

शिडीवरचा माणूस

ही सर्व कामे पूर्वी कोण करीत असे? घरचा गडी, ओळखीचा गवंडी, रंगारी, किंवा ज्याला उंचीची भीती वाटत नाही असा कुणीही. लहान शहरांत आजही बहुधा तसेच चालते. मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूरू अशा महानगरांत मात्र गेल्या काही दशकांत याचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. काचेच्या उंच इमारतींना दोरावरून उतरणारे प्रशिक्षित कामगार लागतात. त्यांच्या पाठोपाठ बंगले आणि गृहनिर्माण संस्थांसाठी खिडक्या, गच्ची, पन्हळी आणि बाहेरील भिंती यांच्या सफाईचे वार्षिक करार करणाऱ्या लहान संस्था उभ्या राहिल्या.

या व्यवसायाचा जागतिक अनुभव एका गोष्टीवर बोट ठेवतो. ब्रिटनमध्ये घरोघरी शिडी लावून खिडक्या पुसणारा कामगार ही शतकभराची परिचित आकृती. तेथे २००५ मध्ये उंचीवरील कामाविषयीचे नियम लागू झाले. उंचीवर जाणे टाळता येत असेल तर ते टाळावे, हे त्यांचे पहिले तत्त्व. परिणामी लांब दांड्याच्या टोकाला ब्रश बसवून क्षारमुक्त पाण्याने जमिनीवरूनच काच धुण्याची पद्धत झपाट्याने रूढ झाली. शुद्ध पाणी वाळल्यावर डाग मागे ठेवत नाही, म्हणून पुसण्यासाठी वर चढावेच लागत नाही. पन्हळींसाठीही लांब नळीचे शोषकयंत्र आले. नियमामुळे धंदा बसला नाही, उलट तो सुधारला.

आपल्याकडे हे चित्र अजून दूर आहे. बांबूची शिडी, एका हातात बादली, दुसऱ्या हाताने कौलाचा आधार आणि खाली शिडी धरायला घरातीलच एखादा मुलगा, हे दृश्य कुणालाही नवे नाही. दोन मजल्यांवरून झालेली पडझड एका कुटुंबाची संपूर्ण मिळकत थांबवू शकते. रोजंदारीवर आलेल्या त्या माणसाच्या मागे ना रजा असते, ना भविष्य निर्वाह निधी. घरमालक माणुसकीने रुग्णालयाचा खर्च करतो, पण सहा महिन्यांनी त्या घरात काय शिजते, हे पाहायला कुणी जात नाही.

वास्तविक सावधगिरी फार खर्चिक नाही. शिडीच्या दर चार फूट उंचीमागे तिचा पाया भिंतीपासून एक फूट दूर असावा आणि तिचे टोक छपराच्या कडेपेक्षा सुमारे तीन फूट वर यावे. ओल्या कौलांवर पाऊल ठेवू नये, कारण शेवाळ आणि पाणी मिळून ती निसरडी होतात. विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी उभी करू नये. उंचावर काम करताना भारतीय मानक ३५२१ नुसारचा सुरक्षापट्टा असावा आणि तो खिडकीच्या गजाला नव्हे, तर भक्कम आधाराला बांधलेला असावा. आणखी एक सीमारेषा स्पष्ट असली पाहिजे. पन्हळ म्हणजे गटार नव्हे. पावसाच्या पाण्याच्या सफाईसाठी आलेल्या माणसाला ‘आलाच आहेस तर’ असे म्हणून मैल्याच्या टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याहून आधी तो माणुसकीचा अपराध आहे.

बँकेच्या चष्म्यातून

घर ही बहुतेक ग्राहकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. पंधरा-वीस वर्षे हप्ते भरून ती मालमत्ता आपली होते. हप्ता चुकू नये म्हणून आपण जितके दक्ष असतो, तितके दक्ष त्या मालमत्तेच्या पन्हळीबाबत असतो का? लेखाशास्त्रात घसारा हा शब्द यंत्रांसाठी सहज वापरला जातो. घरालाही घसारा असतो, फक्त तो ताळेबंदात न दिसता भिंतीवर दिसतो.

गृहविमा आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमा हा आग, वादळ, पूर अशा आकस्मिक आपत्तींसाठी असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने नागपट्टिनम्‌पासून तंजावर जिल्ह्याच्या किनारी तालुक्यांपर्यंत घरांची छपरे आणि नारळाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. अशा नुकसानीचा दावा योग्य विमापत्र असेल तर करता येतो. परंतु हळूहळू मुरलेली ओल, वाळवी, झीज आणि देखभालीअभावी झालेली हानी सर्वसाधारणपणे विम्याच्या कक्षेत येत नाही. तिचा विमा एकच, वेळेवर केलेली सफाई.

या कामात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठीही बँकेची दारे उघडी आहेत. शिड्या, सुरक्षापट्टे, दाबयंत्र, शोषकयंत्र आणि एखादे मालवाहू तीनचाकी, एवढ्या भांडवलावर दोन-तीन जणांचा व्यवसाय उभा राहू शकतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत, ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. त्याचबरोबर कामगारांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७० मधील खातेदाराला वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. एका कप चहाच्या आगेमागे किंमत असलेले हे संरक्षण शिडीवर चढणाऱ्या प्रत्येकाकडे असायला हवे, आणि काम देणाऱ्याने ते आहे का, हे एका प्रश्नाने विचारायला हवे. ज्याचे खाते नाही त्याला शाखेपर्यंत घेऊन येणे हीसुद्धा ग्राहकाच्या हातून घडणारी सेवाच होय.

ग्राहकांसाठी थोडक्यात

• पावसाळ्यापूर्वी किमान तीन आठवडे छप्पर, गच्ची आणि पन्हळी तपासून घ्याव्यात. महाराष्ट्रात हा काळ मेच्या मध्यावर, तमिळनाडूच्या किनारी भागात सप्टेंबरच्या अखेरीस येतो.

• पाऊस संपल्यावर दुसरी फेरी करावी. उगवलेली रोपे तेव्हा कोवळी असतात आणि ओलीचे डाग ताजे असतात.

• काम देताना काय साफ करायचे, कशाने करायचे आणि मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची, हे कागदावर लिहून घ्यावे.

• सर्वांत कमी दराचे कारण विचारावे. ते बहुधा सुरक्षासाधनांच्या अभावात सापडते.

• जुन्या चुन्याच्या भिंतीवर दाबयंत्र चालवण्यापूर्वी एका आडोशाच्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी.

• पन्हळीतून काढलेला पालापाचोळा खालच्या मोरीत न लोटता गोळा करावा. तो झाडांना उत्तम खत होतो.

• वर्षातून एकदा होणाऱ्या या खर्चासाठी आवर्ती ठेव खाते उघडावे. दरमहा बाजूला पडणारी लहान रक्कम वेळेला सहज हाताशी येते.

समारोप

तंजावरच्या दिनदर्शिकेत या कामासाठी दोन मुहूर्त आयतेच आहेत. पहिला नवरात्रातील आयुधपूजेचा, ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येणारा. त्या दिवशी घरातील हत्यारे, यंत्रे, वाहने स्वच्छ करून पुजली जातात. त्यात शिडी आणि पन्हळीचे खुरपे यांची भर पडली तर अनुचित ठरू नये. दुसरा पोंगलच्या आदल्या दिवशीच्या भोगीचा. पाऊस सरलेला असतो, जुने टाकून नवे धरायचे असते, घरांना चुना लागतो, दारात मोठा कोलम् उमटतो. आपल्याकडे हेच काम आगोट आणि दसरा-दिवाळी वाटून घेतात. पूर्वजांनी सणांची रचना करताना केवळ देवघराचा नव्हे, तर छपराचाही विचार केलेला दिसतो.

मोठ्या मंदिराच्या दगडावरील मराठी अक्षरे आजही वाचता येतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्यांना जपले आणि कुणीतरी त्यांना अति घासले नाही. आपापल्या घराच्या बाबतीत एवढेच साधले तरी पुष्कळ आहे. येत्या पावसाच्या पहिल्या सरीला प्रत्येक ग्राहकाने आणि कर्मचारी बंधुभगिनींनी ओसरीवर उभे राहून क्षणभर वर पाहावे. पागोळ्या सरळ, मोकळ्या आणि एका लयीत पडत असतील, तर घर सुखरूप आहे असे समजावे. आणि त्या मोकळ्या करणारा हात सुरक्षित जमिनीवर उतरला आहे ना, याचीही आठवण ठेवावी.